दहा सेकंदांत एक लिटर

टोयोटाने १९९३ मध्ये आणलेल्या सुप्राच्या बॉनेटखाली तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन होतं: टू-जेझेड-जीटीई. अमेरिकेत विकलेल्या गाडीत ते ३२० अश्वशक्ती द्यायचं. पण त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक इतका दणकट निघाला की हौशी मंडळी त्यातून हजार अश्वशक्ती काढू लागली. अशी गाडी दिसली की सगळ्यांची नजर जाते ती भल्यामोठ्या टर्बोवर. मला मात्र थक्क करतं ते पेट्रोल.

टर्बो मोठा बसवला की हवा दाबून भरता येते. त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल मात्र मोजून द्यावं लागतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बोचा दाब चढला की पेट्रोल मुद्दाम जास्त सोडतात, कारण त्याची वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषली जाते. तिथे पेट्रोल कमी पडलं तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणं, सुरू होतं आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळूही शकतं.

हजार अश्वशक्तीला किती लागतं? मिनिटाला साधारण सहा लिटर. म्हणजे दहा सेकंदांत एक लिटर! मूळच्या अमेरिकी सुप्रातले सहा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या झडपा, प्रत्येकी मिनिटाला ५५० सीसी सोडणारे. सगळे सतत उघडे ठेवले तरी ३.३ लिटरच्या पुढे जात नाहीत. दाब वाढवून भागवावं म्हटलं, तर निसर्गाचा नियम आडवा येतो: प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. म्हणून इंजेक्टरच बदलावे लागतात.

मग पंपाची पाळी. इंजेक्टरच्या एका तोंडाशी पेट्रोलचा दाब, दुसऱ्याशी टर्बोने भरलेली हवा. ही हवा पेट्रोलला मागे रेटते, म्हणून रेग्युलेटर बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या, बरोबरीने इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला (रेलमधला) दाबही चढवत नेतो. बूस्ट दीड बार असेल तर रेलमधल्या एरवीच्या तीन बारचे साडेचार होतात. आणि दाब चढला की पंपाचा प्रवाह घटतो! इंजिनाला पेट्रोलची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच पंप सर्वांत दमलेला असतो. त्यामुळे पंप घेताना डब्यावरचा आकडा पाहून चालत नाही. त्या दाबाला आणि तितक्या व्होल्टला तो किती देतो हे बघावं लागतं. पंपाला जाणारी जुनी, बारीक वायर बदलून जाड टाकली, स्वतंत्र रिले दिला, तर तोच पंप जास्त पेट्रोल देतो.

वळणावरचा प्रश्न आणखी वेगळा. धावत्या टेम्पोतल्या अर्ध्या भरलेल्या पिंपासारखं टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. म्हणून मध्ये एक छोटी सर्ज टाकी बसवतात. ती कायम भरलेली राहते, आणि मुख्य पंप तिच्यातूनच ओढतो.

इथेनॉल वापरायचं ठरवलं तर सगळेच आकडे फुगतात. ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनाला नॉकिंगची भीती बरीच कमी, पण त्याच ताकदीला ते सुमारे तीस ते चाळीस टक्के जास्त लागतं. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल इथल्या पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, त्यालाही हाच नियम लागू आहे. फक्त प्रमाण लहान.

आता माझं सर्वांत मोठं कुतूहल. सात हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरला आपलं आवर्तन पुरं करायला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. पूर्ण ताकदीवर तेवढ्यात सुमारे ०.२८ मिली पेट्रोल आत गेलं पाहिजे, आणि तेही इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा न ठेवता. म्हणून १,३०० सीसीच्या आसपासचे इंजेक्टर लागतात. आणि हीच गाडी सिग्नलला उभी राहिली की त्याच इंजेक्टरने प्रत्येक वेळी जेमतेम ०.००७ मिली सोडायचं. एका थेंबाचाही लहानसा अंश! चाळीसपट फरक, एकाच तोंडातून. त्यात झडप उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचा व्होल्ट उतरला की त्याहून जास्त. म्हणून ट्यूनर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, दर व्होल्टाला किती उशीर होतो त्याचा तक्ता भरतो. तो तक्ता जमला की हजार अश्वशक्तीची गाडी सिग्नलला घरच्या गाडीसारखी शांत, एकसुरात चालत उभी राहते.