या नळीला पेन्सिल चालत नाही!

अधारतालच्या दोस्तांनो, कृषी विश्वविद्यालयाच्या शेतांत ट्रॅक्टर पाहिलाय ना? बॉनेटवर उभी नळी आणि तिच्यातून भकाभका धूर. तशीच नळी विमानाला बसवायची म्हटली तर? हसू नका, घरी विमान बांधणाऱ्यांना या नळीपायी घाम फुटतो!

घरी विमान? हो तर! मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर चक्क सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं होतं आणि 2017 मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. आमच्या गच्चीवर फार तर पापड वाळतात.

तर ती नळी. पंख्याच्या छोट्या विमानाचं इंजिन पेट्रोल जाळतं आणि जळालेला वायू बाहेर पडतो तो 700-800 अंश सेल्सिअस तापलेला. तापलं की धातू प्रसरण पावतो, हे शाळेत शिकलातच. स्टेनलेस स्टीलची मीटरभर नळी एवढी तापली की सेंटिमीटरभर लांब होते! त्यात इंजिन रबरी गाद्यांवर सारखं थरथरत असतं. अशी नळी दोन्ही टोकांना करकचून आवळली, तर तिनं वाढायचं कुठे? तडा ठरलेलाच. म्हणून नळीचे तुकडे करतात आणि एकाचं तोंड दुसऱ्यात किंचित सैलसर सरकवतात. विमानात मुद्दाम सैल ठेवलेला जोड! मला ही युक्ती भारी आवडते.

आता गंमत ऐका. नळी कापायची, म्हणजे आधी खूण करायला हवी. हात लगेच पेन्सिलीकडे जातो. थांबा! पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. नळी लालबुंद झाली की तो स्टीलमध्ये मुरतो, तेवढी जागा ठिसूळ होते आणि पुढेमागे नेमकी तिथेच चीर पडू शकते. म्हणून खूण खडूनं करायची. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारंसुद्धा नळीला लावत नाहीत.

एवढं सोवळं कशाला? तर थंडीत वैमानिकाला ऊब मिळावी म्हणून या नळीभोवती पत्र्याचं वेष्टण घालतात. बाहेरची हवा त्यातून तापून केबिनमध्ये येते. नळीला चीर असेल, तर हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखू लागतं, गुंगी येते, आणि हे सगळं विमान चालवताना! राइट बंधूंना 1903 मध्ये ही धास्ती नव्हती. त्यांच्या विमानाला केबिनच नव्हती आणि इंजिनाला धुराची नळीही नव्हती. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा.

नळी बसली की तपासणी. व्हॅक्यूम क्लीनरनं उलटी हवा नळीत सोडायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. सरकत्या जोडापाशी दोनचार बुडबुडे आले तर चालतात. वेल्डिंगच्या रेघेवर मात्र एक जरी फुगला, तरी नळी पुन्हा खाली उतरते.