वांकविलेलें लांकूड आणि न वांकलेला सुतार

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत चहा घेतांना ज्या गोल पाठीच्या, हलक्या खुर्चीवर आपण बसतों, तिचें मूळ कोठलें याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तें मूळ एका कर्जबाजारी सुताराच्या घरीं सांपडतें. म्हणूनच ही हकीकत आमच्या व्यापारी वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मिखाएल थोनेट याचा जन्म ऱ्हाईन नदीकांठच्या बोपार्ड गांवीं १७९६ सालीं झाला. लांकूड कोरून सांधण्यापेक्षां तें वांकवावें, या एका कल्पनेपायीं त्यानें अनेक वर्षें प्रयोग केले. १८४२ सालीं ऑस्ट्रियाचा प्रधान मेटर्निक याच्या आश्रयानें तो व्हिएन्नास गेला. इकडे सावकारांनीं त्याची गांवची मालमत्ता जप्त केली!

सुतार मात्र खचला नाहीं. १८५३ सालीं त्यानें धंदा पांच मुलांच्या नांवें केला. १८५६ सालीं भरीव लांकूड वांकविण्याचा मक्ता मिळाला व मोराव्हियांतील कोरिचान येथें, बीच वृक्षांच्या रानालगत, कारखाना निघाला. युक्ति साधी होती. वाफाळलेली काठी वांकवितांना बाहेरच्या अंगास ताण बसून ती फाटे. म्हणून त्या अंगास लोखंडी पट्टी जखडली. ताण पट्टीनें सोसला, लांकूड आंतून दबलें आणि वांकलें.

१८५९ सालच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीस लांकडाचे सहा भाग, दहा स्क्रू व दोन नट पुरत. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. जोडणी माल पोंचेल तेथें होई. भाडें वांचलें, किंमत उतरली, आणि १९३० पर्यंत अशा सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्या. १८६९ सालीं मक्ता संपून कोन पेढीसारखे प्रतिस्पर्धी उठले, १८७१ सालीं मिखाएलही वारला. तरी पेढी टिकली. मक्ता संपला, पण हातचें कसब आणि बांधलेली व्यवस्था कोणास नेतां आली नाहीं.

आमच्याकडे सुतारास जात आहे, प्रतिष्ठा नाहीं. शिकलेला मुलगा रंध्यास हात लावण्यास लाजतो, आणि रंधा ज्याच्या हातीं त्यास भांडवल कोणी देत नाहीं. कारण पेढीवाल्यास तारण दिसतें, कल्पना दिसत नाहीं. बोपार्डच्या सावकारांनीं जें जप्त केलें तें सुताराचें सामानसुमान. खरा ठेवा त्याच्या डोक्यांत होता, व तो व्हिएन्नास गेला. आपल्या गांवचा असा ठेवा परगांवीं जाऊं द्यावयाचा कीं नाहीं, हें आमच्या पेढीवाल्यांनींच ठरवावें.