छावणीतला रंगारी आणि कामाचा परवाना

कुंभकोणममध्ये घराला रंग काढायचं ठरलं, मुकादमाने माणसं आणली आणि त्यांतले दोघे तिरुचिरापल्लीच्या कोट्टपट्टू छावणीतले श्रीलंकन तमिळ निघाले, तर घरमालकाच्या मनात शंका येतेच. यांना कामावर ठेवलेलं चालतं का? उद्या पोलीस आपल्याच दारात उभे राहायचे! तमिळनाडूत हा प्रसंग काही दुर्मीळ नाही. छावण्यांतल्या पुरुषांमध्ये रंगकाम हा इतका रुळलेला धंदा आहे की ‘कॅम्पवाला’ म्हटलं की अनेकांना रंगारीच आठवतो. पण शंकेला मिळणारी उत्तरं बहुतेक ऐकीव असतात, आणि त्यांत नुकसान होतं ते त्या रंगाऱ्याचं.

सगळ्यात पसरलेला समज असा, की निर्वासिताला भारतात काम करायला सरसकट बंदी आहे. दुसऱ्या टोकाचा समज असा, की संयुक्त राष्ट्रांचं कार्ड हातात असलं की झालं. दोन्ही चूक. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात मोलमजुरीच्या हक्काचं स्वतंत्र कलम आहे, सतरावं. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या लेखी हा माणूस फक्त परदेशी. आधी 1946 चा परदेशी नागरिक कायदा होता, सप्टेंबर 2025 पासून त्या जागी नवा कायदा आला. परदेशी माणसाने इथे नोकरी करायची तर रोजगार व्हिसा लागतो, आणि त्यासाठी साधारणपणे वर्षाला 16.25 लाख रुपयांहून जास्त पगार दाखवावा लागतो. रंगाऱ्याने हा पगार आणायचा कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या कार्डाने माणसाची निर्वासित म्हणून ओळख पटते. कामाचा परवाना त्यातून मिळत नाही.

मग कोट्टपट्टूचा माणूस कुंभकोणमपर्यंत पोचतो कसा? राज्याच्या वहिवाटीवर. जुलै 1983 च्या कोलंबोतल्या तमिळांच्या हत्याकांडानंतर निर्वासितांच्या बोटी रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या. 2012 पर्यंत तीन लाखांहून अधिक माणसं आली. आज शंभराहून अधिक छावण्यांत सुमारे 58,000 जण राहतात, आणि तीसेक हजार छावणीबाहेर पोलीस ठाण्यात नोंद करून. छावणीतल्यांनी बाहेर मोलमजुरी करावी, हे तमिळनाडू सरकारने वर्षानुवर्षं चालू दिलं आहे. कागदावर तसा हक्क नाही, पण मनाईही बजावली जात नाही. 1991 मध्ये राजीव गांधींची हत्या झाल्यावर मात्र पहारा कडक झाला. ठरावीक दिवशी महसूल अधिकारी छावणीत हजेरी घेतात आणि पोलिसांच्या ‘क्यू’ शाखेचं लक्ष असतं. म्हणून हा रंगारी लांबचं, महिनाभराचं काम धरताना कचरतो. हजेरीच्या दिवशी छावणीत दिसला नाही तर अनुदान अडकतं, चौकशी होते. मुकादमालाही हे ठाऊक असतं, आणि मजुरी ठरवताना तो ते विसरत नाही.

यातूनच आणखी एक घातक समज मुरला आहे: कागद नाहीत, तेव्हा कमी पैसे दिले तरी बिघडत नाही. हे साफ खोटं आहे. किमान वेतनाचा कायदा कामगाराचं नागरिकत्व विचारत नाही. कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं 19 वं कलम फक्त नागरिकांसाठी आहे, हे खरं. पण कायद्यापुढील समानतेचं 14 वं आणि जीविताचं 21 वं कलम या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला लागू आहे. 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. मे 2025 मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने भारत ही धर्मशाळा नाही असा शेरा मारला आणि तो शेराच सगळीकडे गाजला. पण त्या शेऱ्याने केलेल्या कामाची मजुरी बुडवायची मुभा कुणालाही मिळालेली नाही.

‘सरकार पैसे देतंच की, काम कशाला हवं?’ हेही कानावर येतं. 2021 मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी 317 कोटींची योजना जाहीर केली, पडक्या खोल्यांच्या जागी 7,469 घरं बांधायचं ठरलं, छावण्यांना पुनर्वसन छावणी म्हणायचं ठरलं आणि अनुदान वाढलं. कुटुंबप्रमुखाला महिन्याला 1,500, इतर प्रौढांना 1,000, मुलांना 500. नवरा-बायको आणि दोन मुलं यांचे मिळून 3,500 रुपये. तांदूळ स्वस्त किंवा फुकट मिळाला तरी एवढ्यात महिना काढून पाहावा. छावणीबाहेर राहणाऱ्यांना तेही नाही.

मला सर्वांत जास्त टोचतं ते शिकलेल्या मुलांचं. छावणीतली मुलं सरकारी शाळांत शिकतात, महाविद्यालयांत जातात, इंजिनिअर होतात. पदवी मिळते आणि मग कंपनीत कागदपत्रांची पडताळणी सुरू होते. पासपोर्ट? नाही. नागरिकत्व? नाही. व्हिसा? तोही नाही. कायद्याचा पदवीधर सनद मागायला गेला तर 1961 च्या वकील कायद्याचं 24 वं कलम नागरिकत्व मागतं. परस्पर सवलत असलेल्या देशांपुरता काय तो अपवाद. म्हणजे जी वहिवाट बापाला ब्रश धरू देते, तीच वहिवाट इंजिनिअर मुलाला ऑफिसात शिरू देत नाही, कारण रंगकामाला कुणी कागद मागत नाही. पदवी घेऊन वडिलांच्याच टोळीत रंग मारणारी मुलं या छावण्यांत आहेत.

असं असावंच लागतं असंही नाही. केंद्रीय गृहखात्याने 29 डिसेंबर 2011 ला कार्यपद्धती ठरवली. वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळ होण्याची रास्त भीती दिसली, तर परदेशी माणसाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो, आणि त्यावर खाजगी क्षेत्रात नोकरी करता येते. निर्वासिताला कामाचा खरा कागद भारतात मिळतो तो हा. थंडीत आपल्याकडे स्वेटर विकणारे तिबेटी सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत 1972 पासून आहे. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, आणि 2014 च्या केंद्रीय धोरणाने त्याच्या आधारे व्यापाराचे परवाने नि नोकऱ्या मिळाव्यात असं राज्यांना सांगितलं. श्रीलंकन तमिळांना एवढंही मिळालं नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान आहेत, श्रीलंका नाही. 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या, नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांना विनापासपोर्ट राहण्याबद्दलच्या शिक्षेतून 2025 मध्ये सूट मिळाली. ती सूट राहण्यापुरती आहे.

परदेशात सगळं सोपं असतं, हाही भ्रमच. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केलेल्याला वर्षभर निर्णय मिळाला नाही, तरच कामाची परवानगी मागता येते, आणि तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. उलट युगांडासारख्या गरीब देशाने 2006 च्या कायद्यातच निर्वासिताला कामाचा हक्क लिहून दिला.

हे लोक पूर्णपणे परके आहेत, असं म्हणताना इतिहासही पाहावा. कुंभकोणम ज्यात येतं त्याच कावेरीखोऱ्यातून माणसं पोटासाठी बाहेर पडली. कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण झाले. तंजावर, तिरुची, सेलमचे शेतमजूर कंगाणी नावाच्या मुकादमांमागून सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, मळ्यांवर गेले. रामेश्वरमजवळचं मंडपम हे त्या मजुरांना बोटीवर चढवण्याआधी अडकवून ठेवायचं ठिकाण. 1983 नंतर तिथेच निर्वासित उतरले, आणि त्यांत त्या मजुरांची नातवंडं-पतवंडंही होती. भारत आणि श्रीलंका यांच्यातल्या 1964 च्या शास्त्री-सिरिमावो करारान्वये परतलेल्या मळेमजुरांना नागरिकत्व मिळालं, निलगिरीत सरकारी चहामळ्यांवर कामही मिळालं. पुढे श्रीलंकेतल्या युद्धामुळे पळून आलेले त्यांचेच भाऊबंद निर्वासित ठरले. केंद्रीय सेवांच्या पात्रता नियमांत आजही एक तरतूद आहे: कायमचं राहण्यासाठी श्रीलंकेतून आलेली भारतीय वंशाची व्यक्ती, केंद्र सरकारचं पात्रता प्रमाणपत्र मिळाल्यास, प्रशासकीय, पोलीस आणि परराष्ट्र सेवा सोडून इतर पदांसाठी अर्ज करू शकते. पण ते प्रमाणपत्र मिळायला आधी सरकारने त्या माणसाला स्थलांतरित मानावं लागतं.

छावणीत जन्मलेला प्रत्येकजण निर्वासितच, हा शेवटचा गैरसमज. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे, आईवडील कुठलेही असोत. 1986 मध्ये मंडपमच्या छावणीत जन्मलेल्या, कोट्टपट्टूला राहणाऱ्या एका स्त्रीला पासपोर्ट नाकारला गेला. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि एप्रिल 2024 मध्ये तिने मतदान केलं. तिच्यासारख्यांनी जन्माचा दाखला काढून पासपोर्टसाठी अर्ज करावा. त्यांना कामासाठी कुणाची परवानगी लागत नाही. 1 जुलै 1987 ला किंवा त्यानंतर त्याच छावणीत जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडांना मात्र, आईवडिलांपैकी कुणीच भारतीय नसेल तर, हा मार्ग बंद आहे.