मेलेल्यांची नाव आणि जिवंतांचे कर्ज

काही दिवसांपूर्वी कल्याण पूर्वेत एका धम्मबांधवाच्या घरी आम्ही जलदान विधीला गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, पुण्यानुमोदन झाले, चहा फिरला. मंडळी उठू लागली तेव्हा दिवंगतांच्या वृद्ध पत्नीने आम्हाला हळूच बाजूला घेतले.

"दादा, शेजारीण म्हणते, वैतरणी पार करायला गायदान लागतं. नाहीतर माणूस ऐलतीरालाच अडकतो. गाय परवडायची नाही, पण भटजी पैसे घेऊन नावापुरती गाय करून देतो म्हणे. बचत गटातून कर्ज काढू का?"

आम्ही आजींवर रागावलो नाही. मेलेल्याला पाणी ओलांडावे लागते ही समजूत फार जुनी आहे आणि जगभर आहे. इजिप्तमध्ये खुफू राजाच्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली सुमारे ४३ मीटर लांबीची लाकडी नौका पुरलेली सापडली. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली एक आख्खे गलबत जमिनीतून बाहेर काढले. इ.स. ८३४ मध्ये दोन स्त्रियांना त्यात ठेवून पुरले होते. इ.स. ९२२ मध्ये बगदादचा दूत इब्न फदलान याने व्होल्गा नदीकाठी एका सरदाराला नौकेसह जाळताना पाहिले. सोबत जायला एका दासीला ठार मारण्यात आले, हेही त्याने लिहून ठेवले आहे. धनी पैलतीरी जाणार, आणि त्याच्या सोबतीला गुलाम पोरीचा जीव!

आपल्या महाराष्ट्रातही अशी नाव सापडली आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत घालून, घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून असावे. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरले होते. तसाच आणखी एक रांजण निघाला, पण त्यात हाडे नव्हती. होते एक रंगवलेले भांडे, आणि त्यावर लांब वल्ह्यांची नाव! मृताने पाणी ओलांडून जावे या समजुतीची ही खूण असावी, असा अर्थ जाणकारांनी लावला.

ज्या कोणी ती नाव काढली त्याचे माणूस गेले होते. त्या दुःखाला आम्ही हसणार नाही. पुढे गरुडपुराणात नावेच्या जागी गाय आली, आणि गाय ब्राह्मणाच्या दावणीला गेली. आमची विरारपलीकडची वैतरणा बरी, लोकलच्या तिकिटात पार होते.

तथागतांना असिबंधकपुत्र नावाच्या गावप्रमुखाने हेच विचारले होते. ब्राह्मण म्हणे मेलेल्याला वर चढवून स्वर्गात पाठवतात. तुम्हाला हे जमते का? तथागतांनी उलट विचारले, खोल डोहात धोंडा टाकला आणि काठावर लोकांनी हात जोडून 'वर ये' म्हटले, तर तो येईल का? आणि तुपाची घागर पाण्यात फोडली, तर खापऱ्या बुडतील. पण 'तूप बुडो' म्हणून तूप बुडेल का? संयुत्तनिकायात हा संवाद आहे.

आपले कल्याण तर जुने बंदर. इथल्या उपासकांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. त्याच कान्हेरीत दिवंगत भिक्खूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांची ओळ आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर बघावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपल्याला दिली. घरोघरी भिंतीवर ती लावलेली असते. आजींच्याही होती.

धोंड्याची आणि तुपाची गोष्ट आजींनी लक्ष देऊन ऐकली. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना कुणी वर ढकलायला नको?"

आम्ही विचारले, "आजी, बाबा कसे होते?"

"कारखान्यात तीस वर्षं राबले. दारूला शिवले नाहीत. तिन्ही पोरींना मॅट्रिक केलं," आजी म्हणाल्या, आणि बचत गटाचे पासबुक पुन्हा ट्रंकेत ठेवायला आत गेल्या.