थायरॉइड जास्त होता, आता कमी कसा झाला?

"तेव्हा थायरॉइड जास्त सांगितला, आता कमी सांगता. मग आधीचे निदान चुकले होते का?" असे अनेक रुग्ण विचारतात. बहुतेक वेळा निदान चुकलेले नसते, आजाराचे रूप बदललेले असते.

असे का होते?

रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली की ऑटोइम्यून आजार होतो. ग्रेव्हज आजारात तयार होणाऱ्या अँटीबॉडी थायरॉइड ग्रंथीला सतत चालना देतात. हार्मोन वाढते, वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात. हाशिमोटो आजारात हीच प्रतिकारशक्ती ग्रंथीच्या पेशी हळूहळू नष्ट करते. हार्मोन कमी पडते. थकवा येतो, वजन वाढते, बद्धकोष्ठता होते, थंडी सोसत नाही.

या दोन्ही प्रक्रिया एकाच व्यक्तीत असू शकतात. ज्या वेळी जिचा जोर जास्त, तो आजार दिसतो. म्हणूनच ग्रेव्हज बरा झाल्यावर काही वर्षांनी थायरॉइड कमी होऊ शकतो. काहींमध्ये चालना देणाऱ्या अँटीबॉडींऐवजी ग्रंथीचे काम अडवणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. उलट बदलही होतो, पण तो कमी आढळतो.

दुसरी कारणे

कार्बिमाझोलचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला, रेडिओआयोडीन उपचार किंवा थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, तरीही थायरॉइड कमी होतो. तो आजारातला बदल नव्हे.

काय काळजी घ्यावी?

• जुन्या चिठ्ठीवरची गोळी मनाने सुरू करू नका. कार्बिमाझोल हार्मोनची निर्मिती कमी करते, तर थायरॉक्सिन म्हणजे बाहेरून दिलेले हार्मोनच. चुकीच्या गोळीने त्रास वाढतो. हृदयरोग्यांना तर जास्त धोका असतो.
• ग्रेव्हजच्या गोळ्या बंद झाल्या तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच तपासत राहा. लक्षणे बदलली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.
• डोळे पुढे येणे, लाल होणे किंवा एकाचे दोन दिसणे, हे थायरॉइड कमी असतानाही होऊ शकते. लगेच दाखवा.
• गरोदर असाल तर पूर्वी ग्रेव्हज होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आता थायरॉक्सिन चालू असले, तरी ग्रेव्हजच्या अँटीबॉडी रक्तात असू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात.

जुने रिपोर्ट फेकू नका. ते तारखेनुसार लावून ठेवा; आजार कधी आणि कसा बदलला, हे त्यावरूनच डॉक्टरांना कळते.