जहाजावरचा चहा फिका का लागतो?

क्रूझवर पहिल्या सकाळी बुफेतल्या यंत्राखाली कप धरावा, पिशवी बुडवावी, आणि हाती यावं तपकिरी कोमट पाणी! दोष बहुतेकदा पत्तीचा नसतो, पाण्याच्या उष्णतेचा असतो. काळ्या चहातली रंग आणि कडकपणा देणारी द्रव्यं उकळीजवळच्या पाण्यात भराभर उतरतात. यंत्रातलं पाणी मात्र अनेकदा त्याहून बरंच थंड असतं, आणि गार कप त्यातली आणखी ऊब खातो. खोलीत किटली लावावी, तर आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या ती जहाजावर आणूच देत नाहीत.

पाण्याचीही गंमत आहे. जहाजावरचं बरंचसं गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून बनतं. हवेचा दाब कमी केला की ते शंभर अंशांच्या बऱ्याच आधी उकळतं. त्याची वाफ थंड करून पाणी मिळतं. मग त्यात खनिजं घालतात आणि जंतू मारायला क्लोरीन. क्लोरीनचा वास नाजूक चहाला मारतो.

म्हणून कप आधी गरम पाण्याने विसळा. कॅफेच्या काउंटरवर उकळतं पाणी मागा, लाजू नका. घरून सीटीसी पत्तीच्या पिशव्या न्या. तिचे बारीक दाणे लवकर उतरतात. वर बशी झाकून चार मिनिटं थांबा. दूध शेवटी, तेही थोडंच.

कॉफीवाल्यांनी बुफेतला थर्मास टाळावा. तासभर गरम राहिलेली कॉफी कडवट होते. ताजी एस्प्रेसो पैसे देऊन घेतलेली बरी.