जुन्या स्पोर्ट्स कारला जॅक कुठला घ्यावा?

सहावीला ‘साधी यंत्रे’ शिकवताना आपण तरफ, उतरण, स्क्रू फळ्यावर काढतो. आमच्या लोट्यात महामार्गालगत पंक्चरवाल्याकडे याचं जिवंत उदाहरण रोज बघायला मिळतं, ते म्हणजे जॅक. आणि जॅक निवडणं खरं अवघड जातं ते जुन्या, बुटक्या स्पोर्ट्स कारसाठी.

आपल्या शेजारी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का? दोन सीटची, उघडी, रेनॉचं इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. अशा गाडीचा मूळ जॅक हरवला, की मालक दुकानात जाऊन “दोन टनी द्या” म्हणतो. टन बघतो, उंची बघत नाही. बाटली जॅक पूर्ण खाली असला तरी बहुधा 18-20 सेंटिमीटर उंच असतो. टायर बसल्यावर बुटक्या गाडीखाली एवढी जागा उरतेच कुठे?

म्हणून आधी मोजपट्टी घ्या. सपाट जागी एका चाकाची हवा सोडा आणि जॅक जिथे लावायचा तिथली जमिनीपासूनची उंची मोजा. नव्या जॅकची कमीत कमी उंची याच्यापेक्षा कमी हवी. जास्तीत जास्त उंचीही बघा: गाडी वर जाताना स्प्रिंग सैल होऊन चाक खाली लोंबतं, शिवाय हवा भरलेल्या टायरला जास्त जागा लागते.

वजनाचं गणित त्यामानाने सोपं. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर असतं. समजा 800 किलो. एका बाजूची दोन्ही चाकं उचलली, तरी जॅकवर साधारण 400 किलो येतात. एक टनी पुरतो.

जॅकचं डोकं कुठे टेकतंय हे मात्र नीट बघायला हवं. फायबरग्लासवर भार दिला तर ती तडकते, भार चासीवरच हवा. पत्र्याच्या गाडीत कोकणच्या पावसाने कड आतून गंजलेली असते, वरून रंग चकाचक! पान्याने ठोकून बघा, आवाज भद्द आला तर तिथे जॅक लावू नका. काही जुन्या गाड्यांना जॅकचा दांडा अडकवायचं भोक असतं, तिथे सपाट डोक्याचा जॅक चालत नाही.

माझं मत विचाराल तर डिकीत कात्री जॅक, घरी बुटका ट्रॉली जॅक. कात्री जॅकमधला स्क्रू म्हणजे दांड्याला गुंडाळलेली उतरण. फेरे भरपूर मारावे लागतात, पण हात सोडला तरी सहसा खाली येत नाही. ट्रॉली जॅकमध्ये तेल असतं. लहान दट्ट्या 1 चौरस सेंटिमीटरचा आणि मोठा 10 चा असेल, तर बल दहापट मिळतं, पण वर सरकणं दहावा भाग. म्हणून तर इतकं पंपिंग! सील झिजलं की गाडी हळूहळू खाली बसते. त्यामुळे नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचं नाही, खाली लोखंडी स्टँड हवेतच. मुलांना आधी गाडीतून उतरवून लांब उभं करा.

हँडब्रेक ओढा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. परशुराम घाटात पंक्चर झालं, तर आधी हळूहळू सपाट जागा गाठा. टायर वाया गेला तरी चालेल. पावसाळ्यात मातीवर जॅक रुततो, म्हणून डिकीत एक जाड फळी ठेवा. ‘दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ’ शिकवायलाही तीच फळी उपयोगी पडते.